जोखमीच्या कामांतील जुन्या तबकड्या

संगणक म्हणजे दर दोन-चार वर्षांनीं बदलणारें यंत्र, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु जेथें एका चुकीनें शेंकडों माणसांचे जीव धोक्यांत यावयाचे, तेथेंच पुष्कळदां अत्यंत जुनीं साधनें आढळतात, हें ऐकून श्रोत्यांना नवल वाटेल.

माहिती साठविण्याची फ्लॉपी नांवाची चुंबकीय तबकडी आय. बी. एम. कंपनीनें १९७१ सालीं विक्रीस आणली. ती ८ इंची होती. पुढें सव्वापांच इंची व साडेतीन इंची तबकड्या निघाल्या. शेवटच्या प्रकारच्या तबकडींत साधारणतः १.४४ मेगाबाइट एवढीच माहिती मावे. आजच्या मोबाइलवर काढलेलें एक छायाचित्रहि बहुधा तींत मावणार नाहीं. घरांतून व कचेऱ्यांतून ती हळूहळू नाहींशी झाली, आणि २०११ सालीं सोनी कंपनीनें जपानांतील तिची विक्री बंद केली.

तथापि अमेरिकेच्या सरकारी हिशेबतपासणी खात्याच्या २०१६ सालच्या अहवालांत असें नमूद आहे कीं, त्या देशाच्या अण्वस्त्रदलांच्या कामांचा मेळ घालणारी एक यंत्रणा जवळजवळ चाळीस वर्षांपूर्वींच्या संगणकावर व ८ इंची तबकड्यांवर चालत होती. त्या तबकड्या २०१९ सालीं काढण्यांत आल्या. सॅन फ्रान्सिस्को शहरांतील रेल्वेचें स्वयंचलित नियंत्रण १९९८ सालचें. त्याची आज्ञावली रोज सकाळीं सव्वापांच इंची तबकड्यांवरून भरावी लागे. ही व्यवस्था बदलण्यासाठीं २०२४ सालीं तेथील वाहतूक मंडळानें २१ कोटी २० लाख डॉलरांचा करार मंजूर केला.

तबकडीची किंमत ती काय, आणि एवढा खर्च कां? याचें उत्तर असें कीं, तबकडी एकटी नसते. तिला वाचणारें यंत्र, त्यास जोडलेला संगणक, त्यांतील आज्ञावली, रुळांवरील तारा आणि गाड्यांतील उपकरणें हीं सर्व एकमेकांस बेतून केलेलीं असतात. एक दुवा बदलला कीं सगळ्या साखळीची पुन्हा कसून परीक्षा घ्यावी लागते. आणि ती घेतांना गाड्या तर चालूच ठेवावयाच्या! शिवाय जुन्या यंत्राचे दोष अनुभवानें माहीत झालेले असतात, नव्याचे अद्याप कळावयाचे असतात. जी यंत्रणा बाहेरच्या जाळ्यास जोडलेलीच नाहीं, तिच्यांत दूरच्या माणसास शिरकाव करणेंहि कठीण जातें. तेव्हां जुन्यास चिकटून राहणें हा केवळ आळस नव्हे. त्यांत विवेकहि आहे.

मात्र या विवेकास मुदत असते. तबकडीवरील चुंबकीय लेप कालांतरानें खराब होतो, सुटे भाग मिळेनासे होतात, आणि त्या यंत्राची नाडी ओळखणारे कारागीर एकेक करून सेवानिवृत्त होतात. काल चाललें म्हणून उद्यां चालेल, हा भरंवसा मग फसवा ठरतो. चालू असलेल्या वस्तूवर खर्च मंजूर करून घेणें कठीण, हें खरें. पण ती बंद पडल्यावर घाईनें बदलणें त्याहून धोक्याचें. जुनें यंत्र धडपणें काम करीत आहे आणि तें जाणणारीं माणसें हाताशीं आहेत, तोंच नव्याची तयारी करणें हें शहाणपणाचें होय. ज्या घरांतील कपाटांत अशा तबकड्या अजून पडून असतील, त्या घरांसहि हाच न्याय लागू आहे: त्यांतील मजकूर वाचतां येतो आहे तोंच तो दुसरीकडे उतरवून ठेवावा.