पदवीचे गुण आणि वैद्यकाची वाट



बी.एस्सी.स गुण कमी पडले म्हणून मुलाने डॉक्टरकीची आशा सोडावी काय? मुळीच नाही. आपल्या विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर ठरतो, पदवीचे गुण त्यात धरीत नाहीत. मात्र बारावीस भौतिक, रसायन व जीवशास्त्र मिळून खुल्या वर्गास ५०, राखीव वर्गास ४० टक्के गुण अवश्य हवेत. कमाल वयाची अट २०२२ मध्ये उठली. ७२० पैकी ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे आहेत. प्रत्येक चुकीच्या उत्तरास एक गुण वजा होतो. म्हणून अकरावी-बारावीची पुस्तके मुळापासून पुन्हा वाचावीत. शेत गहाण ठेवून देणगी मोजण्यापूर्वी पालकांनी मुलास अभ्यासाचे एक निवांत वर्ष द्यावे, एवढीच माझी विनंती आहे.