राग आवरायचा कोणी आणि कशासाठी?

(शिरूर व दौंड तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)

स्वतःची निगा, रागाचे नियमन आणि संवादाचे कौशल्य शिकविणारे गटवर्ग आता शाळांतून, कारखान्यांतून आणि बचतगटांतून भरू लागले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने १९९०च्या दशकात दहा जीवनकौशल्ये सांगितली, त्यांत ताणाला आणि भावनांना तोंड देणे व परिणामकारक संवाद साधणे यांचा समावेश होता. या वर्गांविषयी आपल्यात दोन मते ऐकू येतात. हे भांडवलदारांचे गुंगीचे औषध आहे, असे एक मत. आणि माणूस सुधारला की समाज आपोआप सुधारतो, असे दुसरे. ही दोन्ही मते अपुरी आहेत, असे मला वाटते.

पहिल्या मतात तथ्य आहे, हे आधी मान्य करू. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत किंवा कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांत पाळ्यांमध्ये राबणाऱ्या कंत्राटी कामगाराला 'पुरेशी झोप घ्या, मन शांत ठेवा' असा उपदेश करणे सोपे आहे. पण झोपेचे तास त्याच्या हाती नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनिक मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मान्यता दिली. एका हाताने दिवस लांबवायचा आणि दुसऱ्या हाताने ताणमुक्तीचे धडे द्यायचे, हा व्यवहार आपण ओळखला पाहिजे. शेतकऱ्याचेही तेच. रात्रीच्या विजेवर उसाला पाणी द्यायला निघालेला शिरूरचा शेतकरी बिबट्याच्या भीतीने जीव मुठीत धरून बांधावर उभा असतो. त्याची भीती मनाचा आजार नाही. तिच्यावरचा पहिला उपाय दिवसा वीज, हाच आहे.

विश्रांती ही उपदेशाने मिळत नाही, ती संघटनेने मिळवावी लागते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून आठवड्याच्या सुटीची मागणी पुढे केली, आणि १८९० साली रविवारची सुटी पदरात पाडून घेतली. स्वतःची निगा राखण्याचा आपल्या कामगारवर्गाचा हा पहिला मोठा धडा होता, आणि तो सामुदायिक होता.

मग दुसऱ्या मताला काहीच आधार नाही काय? आहे, आणि तो आपल्या घरात आहे. राग हा पाण्यासारखा उताराकडे वाहतो. मालक व्यवस्थापकावर, व्यवस्थापक मुकादमावर, मुकादम कंत्राटी कामगारावर ओरडतो. कामगार घरी येऊन बायकोवर हात उचलतो, आणि त्या माऊलीचा धपाटा लेकराच्या पाठीत बसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातील दर चार विवाहित स्त्रियांपैकी सुमारे एकीने पतीकडून हिंसा झाल्याचे सांगितले. या स्त्रिया केवळ परक्यांच्या घरांत राहतात, असे समजण्याचे कारण नाही. 'क्रांती झाल्यावर हे थांबेल' असे त्यांना सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही.

रागाच्या शिक्षणात शास्त्र आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, आणि कि. मो. फडके यांनी ती मराठी वाचकांपर्यंत पोचविली. तिचा गाभा साधा आहे. घटना आणि भावना यांच्यामध्ये आपली धारणा उभी असते, आणि ती धारणा तपासता येते. मुकादमाने आईवरून शिवी दिली. 'मला कोणी असे बोलताच कामा नये, आता याला दाखवतोच' ही एक धारणा. तिने हात उठतो, आणि दुसऱ्या दिवशी गेट बंद होते. 'हे बोलणे अन्यायाचे आहे, मी ते खपवून घेणार नाही, पण उत्तर माझ्या वेळेने आणि माझ्या पद्धतीने देईन' ही दुसरी धारणा. तिने पाच साक्षीदार जमतात, लेखी तक्रार होते, युनियन उभी राहते. राग दोन्हीकडे आहे. पहिल्या ठिकाणी तो मालकाच्या कामी आला, दुसऱ्या ठिकाणी कामगाराच्या. म्हणून रागाचे नियमन म्हणजे राग गिळणे नव्हे.

साथींनो, दौंड तालुक्याला हा विचार नवा नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, आणि १८९६-९७च्या दुष्काळानंतर केडगावला मुक्ती सदन उभारले. त्यांच्या धर्मविषयक भूमिकेशी आपले मतभेद असोत. पण टाकलेल्या, दुष्काळाने उपाशी फिरणाऱ्या मुली आणि विधवा तेथे केवळ पोसल्या गेल्या नाहीत. त्या वाचायला शिकल्या, शेती, विणकाम आणि छापखाना चालवू लागल्या. स्वतःच्या देहाला आणि शब्दाला किंमत आहे, हे त्या एकमेकींच्या सोबतीने शिकल्या. भाकरी, कसब आणि आत्मसन्मान यांची फारकत त्या ठिकाणी नव्हती. आपल्या वर्गांतही ती असू नये.

आणखी एक गोष्ट. हे वर्ग बहुधा बायकांसाठी भरतात. ज्याने मार खाल्ला त्याला सहनशीलता शिकवायची आणि ज्याने मारले त्याला मोकळे सोडायचे, हा कोणता न्याय? पुरुषांनी पुरुषांशी बोलावे म्हणून १९९३ साली मुंबईत 'मावा' अर्थात 'मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अ‍ॅब्यूज' ही संघटना सुरू झाली. तो धागा आपण आपल्या तालुक्यांत आणला पाहिजे.

माझी सूचना अशी. शिरूरला एक आणि दौंडला एक असे वर्ग सुरू करावेत. प्रत्येक वर्गात पंधरा-वीसच माणसे असावीत, म्हणजे प्रत्येकाला बोलता येईल. वेळ पाळ्या पाहून ठरवावी. स्त्रियांचा व पुरुषांचा वर्ग आरंभी वेगळा, नंतर एकत्र घ्यावा. वर्गात बोललेले बाहेर जाणार नाही, ही पहिली अट. प्रत्येक वर्गाच्या अखेरीस दोन प्रश्न विचारावेत: यातले मला काय बदलायचे आहे, आणि आपल्याला मिळून काय मागायचे आहे? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तहसील कचेरीपर्यंत किंवा कारखान्याच्या गेटपर्यंत गेले पाहिजे. ज्याचे दुखणे वर्गाच्या आवाक्याबाहेरचे असेल, त्याला डॉक्टरकडे न्यावे. १४४१६ हा शासनाचा टेलीमानसचा दूरध्वनी क्रमांक २०२२ पासून चालू आहे, तो प्रत्येक शाखेच्या फलकावर लिहावा. आणि जिला घरात मार बसतो, तिला समजुतीच्या गोष्टी न सांगता २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखालील संरक्षण अधिकाऱ्याकडे सोबत जावे.

पहिला वर्ग मात्र आपल्याच तालुका समित्यांचा व्हावा. आपल्या बैठकीत कोण किती वेळ बोलतो, कोणाचे बोलणे मध्येच तोडले जाते, आणि चहा करायला कोण उठते, याची नोंद पुढील तीन बैठकांत करा. ती नोंद वर्गात मोठ्याने वाचू या, आणि तेथूनच अभ्यासाला आरंभ करू.