जिनातली धूळ कोणाच्या छातीत?



आपला कापूस जिनात जातो. रुई आणि सरकी वेगळी होते. माती, पाल्याचा चुरा, तुटके तंतू हवेबरोबर बाहेर पडतात. ही धूळ धरायला पत्र्याचे उभे, खाली निमुळते नळकांडे असते. त्याला सायक्लोन म्हणतात.

त्यात फिरणारा एकही भाग नाही. धुळीची हवा कडेने जोरात आत शिरते, गरगरत खाली जाते. गोफणीतला दगड बाहेर ओढ घेतो, तसे जड कण भिंतीला लागतात आणि घसरत तळाशी पडतात. हवा मधून वर निघून जाते.

१० मायक्रॉनहून मोठे कण बरेचसे सापडतात. ५ हून बारीक पुष्कळ निसटतात, आणि तेच फुप्फुसात खोल जातात. त्यांना पुढे कापडी पिशव्यांची गाळणी लागते. कापसाच्या धुळीने बिसिनोसिस हा छातीचा रोग होतो.

म्हणून जिनात गेलो की आपण विचारू: यंत्रावरची धूळ ओढली जाते का? सायक्लोनचा तळ घट्ट बंद आहे का? तिथून हवा शिरली, तर पडलेली धूळ पुन्हा उडते.

जिनात राबणारी बाई आपल्याच घरची आहे. कापसाचा भाव मागतो, तसा तिच्या श्वासाचाही हिशेब मागू.