कढईत तेल पडण्याआधी



ठाण्यात आमच्या नाक्यावर संध्याकाळी चायनीजची गाडी लागते. गेल्या शनिवारी पार्सल घ्यायला गेले, तर आधीच सात-आठ माणसं उभी. मग उभ्या उभ्या मी आचाऱ्याचे हात बघत राहिले. शेगडीचा भर्रर्र आवाज, कढईत पळीभर तेल, त्यात चिरलेला लसूण, पाठोपाठ कोबी, गाजर, फरसबी आणि त्यावर शिजवून गार केलेला भात. मग पळीचं टोक एकेका डब्यात बुडून आलं. मीठ, पांढरी मिरपूड, अजिनोमोटो. वरून सोया सॉसची धार. चार वेळा कढई उडवली आणि फुल प्लेट फ्राइड राईस डब्यात गेला. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

मी आहारतज्ज्ञ आहे. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेली माणसं मला विचारतात, "मॅडम, चायनीज कायमचं सोडायचं का?" मी सोडा म्हणत नाही. घरातली सगळी मंडळी मिळून हौसेने काही खातात, त्यातून एकालाच बाजूला काढणं मला पटत नाही. शिवाय इथे एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. वडा, समोसा आपण पोचतो तेव्हा तळून तयार असतो. चायनीज मात्र आपण सांगितल्यावर बनायला लागतं. कढईत तेल पडण्याआधी आपण जे बोलू, ते पार्सलमध्ये उतरतं. एकदा ओतलेला सॉस मात्र काढता येत नाही.

म्हणून मी पैसे देतानाच सांगते, "दादा, तेल निम्मं, वरून मीठ नको, भाजी दुप्पट. भाजीचे जास्त पैसे घ्या." आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. मोबाइलवरून मागवायचं असेल, तर सूचना लिहून स्वस्थ बसू नका, हॉटेलला फोन करा. गर्दीच्या वेळी लिहिलेलं वाचलं जात नाही, बोललेलं ऐकलं जातं.

मिठाचं मी इतकं का सांगते? जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १५ मिलिलिटरमध्ये, साधारण सव्वादोन ग्रॅम मीठ असतं. बाटलीची धार चमच्याने मोजत नाहीत. सॉस स्वतःच इतका खारट, त्यात मीठ वेगळं, सोबतच्या चटणीत आणखी. सकाळची आमटी, भाजी, लोणचं तर अजून हिशेबात धरलेलंच नाही.

लोक मात्र एवढंच सांगतात, "अजिनोमोटो घालू नका." आणि निश्चिंत होतात. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने कोंबू नावाच्या समुद्री शेवाळातून अजिनोमोटोची ही चव वेगळी केली. तिच्या मुळाशी असलेलं ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोतही असतं. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात चिनी जेवणानंतरच्या त्रासाबद्दल एका डॉक्टरांचं पत्र छापून आलं आणि तेव्हापासून या पांढऱ्या पुडीवर जो संशय बसला तो आजही उठलेला नाही. ज्यांना खरंच डोकं दुखल्याचा अनुभव आहे, त्यांनी ती जरूर टाळावी. पण सोडियमचा हिशेब केला, तर साध्या मिठात ते ३९ टक्के असतं आणि अजिनोमोटोत १२ टक्के. पुडी नको म्हणून सॉस वाढवून घेतला, तर रक्तदाबाच्या माणसाचं नुकसानच होतं.

आता मंचुरियन. हा पदार्थ चीनमधला नाही, आपल्या मुंबईचा आहे. १९७५ मध्ये नेल्सन वँग यांनी क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये तो पहिल्यांदा केला. आलं, लसूण, हिरवी मिरची आपलीच, फक्त गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस. आता त्याचा गोळा फोडून बघा. किसलेला कोबी, त्याला बांधायला मैदा आणि कॉर्नफ्लोअर. आधी कडकडीत तळलेला, मग पुन्हा कॉर्नफ्लोअर लावलेल्या दाट रश्शात सोडलेला. भाजी खाल्ल्याचं समाधान मिळतं, पण पोटात जातं मुख्यतः पीठ आणि तेल. चार जणांत एक प्लेट मागवा आणि जेवणाची मुख्य भाजी म्हणून त्याच्याकडे बघू नका. त्यापेक्षा लसणावर परतलेल्या भाज्या, न तळलेलं चिकन किंवा साधं पनीर सांगा. "तळू नका, नुसतं परता" हे शब्द लक्षात ठेवा. चिली चिकनचे तुकडेसुद्धा बहुतेक ठिकाणी पिठात घोळून तळलेलेच असतात.

मंचुरियनच्या भडक लाल रंगाकडेही बघा. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग घालायला बंदी केली. गोव्यात म्हापसा नगरपालिकेने तर त्याच वर्षी गाड्यांवर गोबी मंचुरियन विकायलाच मनाई केली. मिरचीने आलेला लाल तपकिरीकडे झुकतो. खाल्ल्यावर बोटं गुलाबी झाली, तर ती मिरची नव्हे. अशा गाडीवर मी पुन्हा जात नाही.

शेजवानबद्दल थोडं सांगते. हे नाव ज्यावरून आलं, त्या चीनमधल्या सिचुआन प्रांतातली जीभ बधिर करणारी मिरी आपल्या कोकणातल्या तिरफळाची बहीण आहे, एकाच कुळातली. आपल्या शेजवान चटणीत मात्र तिचा मागमूस नसतो. लाल मिरची, लसूण, व्हिनेगर आणि वर तेलाचा थर. फ्राइड राईसही शेजवान, नूडल्सही शेजवान आणि बाजूला वाटीभर चटणी, असं मागवू नका. एका पदार्थात तिखट पुरे. सूप घ्यायचं तर मंचावऐवजी क्लियर सूप घ्या, आणि तळलेल्या नूडल्सची पुडी नको म्हणा.

आमच्या घरचा रिवाज मात्र सगळ्यांना कळकळीने सांगावासा वाटतो. भात आम्ही घरी लावतो. पार्सल फक्त एका रश्शाच्या भाजीचं, निम्म्या सॉसचं. कुकरची शिट्टी होईपर्यंत पार्सल येतं. वाफाळत्या पांढऱ्या भातावर तो रस्सा घेतला की बेत होतो. फ्राइड राईसमधलं तेल आणि मीठ दोन्ही वाचतं, पैसेही वाचतात. सोबत काकडीचे जाड काप, मीठ न लावता. माझ्या सासऱ्यांचा रक्तदाब वीस वर्षांचा आहे, आणि शनिवारच्या या ताटात त्यांना वेगळं काही वाढावं लागत नाही.

बाहेरचा भात उरलाच, तर तो रात्रभर ओट्यावर ठेवू नका. बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूची बीजं भात शिजवला तरी मरत नाहीत. भात बाहेर राहिला की ती वाढतात, विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम करून जात नाही. गाडीवरचा भात आधीच कधीतरी शिजवून ठेवलेला असतो, म्हणून आपल्या हातात वेळ आणखी कमी. जेवण झालं की लगेच पसरट डब्यात काढून फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चांगला गरम करून संपवा. मुलांच्या शाळेच्या डब्यात तो भात कृपा करून देऊ नका. तो डबा सकाळी सातला भरला जातो आणि उघडतो मधल्या सुट्टीत.