टार्गेट नको, देखावा ठरवा: वर्षभर मिनिएचर रंगवताना

आज मिनिएचरबद्दल बोलायचंय. ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. टेबलावर खेळायचे काही खेळ असतात. त्यात एक कथा असते, फासे असतात आणि प्रत्येक पात्राची एक छोटी मूर्ती असते. योद्धा, जादूगार, दाढीवाला बुटका, ऑर्क नावाचा हिरवा राक्षस, एखादा ड्रॅगन. उभ्या माणसाची मूर्ती साधारण २८ मिलिमीटरची, म्हणजे अंगठ्याच्या वरच्या पेराएवढी. ती राखाडी प्लास्टिकची किंवा रेझिनची मिळते आणि रंग आपण द्यायचा. बास, हाच छंद.

आता कोणी म्हणेल, हे सगळं तिकडचं फॅड. तिकडचं आहे खरं. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९१३ साली खेळण्यातल्या सैनिकांनी लढाई कशी खेळायची यावर 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक लिहिलं. १९७४ मध्ये अमेरिकेत डंजन्स अँड ड्रॅगन्स आला, १९८३ मध्ये इंग्लंडात वॉरहॅमर आला. पण खेळासाठी हाताने रंगवलेली इवलीशी पात्रं आपल्याकडेही आहेत. सावंतवाडीचा गंजिफा आठवा. गोल पत्ते, दशावतारी डाव, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा असे १२० पत्ते, आणि त्यावर मासा, कासव, वराह, नरसिंह कुंचल्याने काढलेले. आणि आपल्या पुणे जिल्ह्यातल्या पोरांना तर वेगळं सांगायलाच नको. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे कोणी मांडले नाहीत? ते मिनिएचरच की!

तर मुद्द्यावर येतो. या छंदात लोक वर्षाचा संकल्प करतात. 'यंदा पन्नास रंगवणार', 'यंदा शंभर'. कारण प्रत्येकाकडे न रंगवलेल्या मूर्तींचा एक डबा असतो. विकत घेणं पाच मिनिटांचं काम, रंगवायला एकेकीला चार-पाच तास. त्यामुळे डबा भरत जातो. इंग्रजीत या साठ्याला चक्क लाजेचा ढीग म्हणतात.

माझ्याकडेही डबा होता. मोजल्या तर एकतीस मूर्ती निघाल्या. तेव्हा मी पिरंगुटच्या पट्ट्यातल्या एका कंपनीत कंत्राटावर होतो. तिथे फळ्यावर रोज आकडा असायचा, शिफ्टला इतके नग. संध्याकाळी पौडला घरी यायचं, जेवायचं आणि परत भिंतीवर स्वतःच्या हाताने आकडा लिहायचा, 'महिन्याला तीन नग'? मला ते नको होतं. आकड्याचं एक आहे, तो पूर्ण होतो किंवा होत नाही. पन्नास ठरवले आणि अठरा झाले, तर त्या अठरांचा आनंद राहत नाही, न झालेले बत्तीसच डोळ्यासमोर येतात.

म्हणून मी नग ठरवले नाहीत, देखावा ठरवला. गणपतीत आपण म्हणतो ना, यंदा देखावा काय? तसंच. मी ठरवलं, या दिवाळीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत. पुढच्या वसुबारसेला अंगणात कोरीगड उभा राहील आणि त्यावर माझी रंगवलेली मंडळी असतील. कोरीगड आपल्या मुळशीचाच. तटबंदी बऱ्यापैकी शाबूत आहे, वर दोन तळी, कोराईदेवीचं मंदिर. त्या तटावर एक ड्रॅगन येऊन बसलाय, आणि खालून सगळे मिळून त्याला हाकलायला निघालेत, असा प्रसंग.

यात गंमत अशी की देखावा लहान झाला तरी पुरा असतो. तीस जण चढाई करतायत, तरी प्रसंग तोच. नऊ जण करतायत, तरी तोच. फक्त ड्रॅगन पाहिजे, कारण तो नसेल तर ते सगळे चाललेत कुठे? म्हणून ड्रॅगन आधी रंगवायचा. तुम्हीही ठरवताना स्वतःला हेच विचारा, की माझ्या देखाव्यात कशावाचून चालणार नाही? ते पहिल्या तीन महिन्यांत उरका. बाकीचं होईल तसं.

दुसरी गोष्ट कॅलेंडरची. यूट्यूबवरचे शिकवणारे बहुतेक थंड देशांतले. त्यांचं वेळापत्रक मुळशीत चालत नाही, कारण आपल्याकडे पाऊस आहे. ताम्हिणीच्या बाजूला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो. पौडला तेवढा नसतो, पण जुलैत इथेही दोरीवरचे कपडे चार दिवस वाळत नाहीत. आता मूर्तीवर रंग धरावा म्हणून आधी प्रायमर मारावा लागतो आणि तो बहुधा स्प्रेच्या डब्यात मिळतो. हवेत ओल असताना स्प्रे मारला की थर दाणेदार बसतो, नाहीतर त्यावर पांढुरकी झाक येते. नाक, डोळे, साखळीचं चिलखत, सगळं बुजतं. शेवटी जे मॅट वार्निश मारतात त्याचंही तेच.

म्हणून आपलं वर्ष असं लावायचं. डिसेंबर ते मे, जोडकाम आणि प्रायमर. साच्याची जी बारीक रेघ मूर्तीवर राहते ती पात्याने खरवडायची, साबणाच्या पाण्याने धुवायची, वाळवायची आणि कोरड्या हवेत सगळ्यांना एकदम प्रायमर मारून ठेवायचा. जून ते सप्टेंबर खिडकीशी बसून फक्त ब्रशकाम. ऑक्टोबरात ऊन पडलं की वार्निश, आणि मग किल्ल्याची माती. पावसात प्रायमर लागलाच तर ब्रशने लावायचा मिळतो, तो वापरा.

उन्हाळ्यात उलटी अडचण. ॲक्रिलिक रंग पॅलेटवर बघता बघता सुकतो. त्यावर ओली पॅलेट करायची. पसरट झाकणाचा डबा घ्या, त्यात ओला स्पंज किंवा टिश्यूची घडी, वर बेकिंगचा बटर पेपर. रंग त्या कागदावर काढायचा. खालून ओल मिळत राहते, रंग तासन्‌तास ओला राहतो. खर्च जवळजवळ शून्य.

रंगांचं म्हणाल तर बाहेरून येणाऱ्या छोट्या बाटल्या चांगल्या असतात, पण महाग पडतात. सुरुवात आपल्या स्टेशनरीच्या दुकानातल्या कॅम्लिनच्या ॲक्रिलिकने खुशाल करा. १९३१ साली दांडेकरांनी, म्हणजे मराठी माणसानेच, शाईपासून सुरू केलेली कंपनी ती. हे रंग जरा जाड असतात, एवढंच लक्षात ठेवा. पाणी घालून दुधाएवढे पातळ करा आणि एका जाड थराऐवजी दोन पातळ थर द्या. या छंदातला निम्मा अभ्यास या एका वाक्यात आहे. मग खोलगट भागात गडद पातळ रंग सोडायचा, म्हणजे सावली येते. उंचवट्यावर जवळजवळ कोरडा ब्रश हलकेच फिरवायचा, म्हणजे उजेड येतो. आणि ब्रश तीन शून्याचा नको, त्यावरचा रंग मूर्तीपर्यंत पोचेस्तोवर सुकतो. एक किंवा दोन नंबरचा घ्या, फक्त टोक बारीक असलेला.

डोळ्यांचं एक सांगतो. घाट उतरून कोकणात गेलं की वर पेण लागतं, गणपतींचं पेण. तिथल्या कारखान्यांत डोळ्यांच्या कामाला आखणी म्हणतात. ती शेवटी होते आणि जाणत्या हाताने होते. आपण शिकाऊ, आपण उलटं करायचं. डोळे आधी. रेघ इकडेतिकडे गेली तर भोवतीच्या त्वचेच्या रंगाने झाकता येते.

आता ऑगस्टबद्दल बोलतो.

ऑगस्टमध्ये माझं कंत्राट संपलं आणि पुढे वाढवलं नाही. आमच्या बॅचमधल्या बऱ्याच जणांचं तसंच झालं. जवळजवळ अडीच महिने मी घरी होतो. छंदाने मला वाचवलं वगैरे मी म्हणणार नाही. छंदाने पगार येत नाही. बाइकचा हप्ता टेबलावरच्या ऑर्कने भरला नाही, तो मोठ्या भावाने भरला. पण घरी बसलेल्या माणसाचं काय होतं, ते ज्यांच्यावर वेळ आलीय त्यांना माहीत आहे. सकाळी उठायचं कारण नसतं. फोन हातात येतो, अकरा कधी वाजले कळत नाही, आणि रिकाम्या दिवसाची लाज वाटून माणूस आणखी फोन बघतो. रंगवताना एका हातात मूर्ती असते, एका हातात ब्रश. फोन धरायला तिसरा हात नाही. आणि पावसाळ्यात उजेड बरा असतो सकाळी नऊ ते बारा. त्यामुळे नऊला तोंड धुऊन खिडकीशी बसावंच लागायचं. बारानंतर अर्ज पाठवायचे, फोन करायचे, मुलाखत असली तर जायचं. दिवसाला दोन भाग मिळाले. मला तेवढं पुरलं.

विकत काहीच घेतलं नाही. देखावा एकतीसवरून चौदावर आणला. इथे मला आकडा न ठेवल्याचा फायदा कळला. चौदा म्हणजे अपयश नव्हतं, ती फक्त जरा लहान तुकडी होती. ड्रॅगन मार्चमध्येच झाला होता.

आई सुरुवातीला वैतागली होती. "नोकरी बघायची सोडून बाहुल्या काय रंगवत बसलायस?" तिचं चुकीचं नव्हतं, बाहेरून तसंच दिसतं. मी म्हटलं, "आई, बारापर्यंत हे, बारानंतर ते. तू घड्याळ बघ." ती खरंच बघायची! मग सप्टेंबरात एकदा माळ्यावरून तिने बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. आत आमचे लहानपणचे दिवाळीचे मावळे. भालदार, तोफवाला, एक गवळण, एक वाघ. कुणाचं नाक गेलेलं, कुणाचा फेटा पांढरा पडलेला. म्हणाली, "रंगवतोच आहेस तर हेही घे. गवळणीचं लुगडं हिरवं होतं, लक्षात ठेव."

तुमच्याकडेही असे मावळे असतील तर कृती सांगून ठेवतो. माती किंवा प्लास्टरच्या मूर्ती रंग पिऊन टाकतात. कोरड्या ब्रशने धूळ झाडा, धुऊ नका. पाण्यात पातळ केलेल्या फेविकॉलचा एक हात द्या, पूर्ण वाळू द्या, मग प्रायमर. तुटलेलं नाक एम-सीलने बनतं, टोकदार करायला टाचणी वापरा.

अडचण उंचीची होती. मावळा दहा सेंटिमीटर, माझा योद्धा तीन. पण दिवाळीच्या किल्ल्याने प्रमाण कधी पाळलंय सांगा! वाघ बुरुजाएवढा असतो आणि गवळण दरवाजातून आत मावत नाही. तरी एक युक्ती चालते. मोठ्या मूर्ती पुढे, पायथ्याला. छोट्या मागे, वर. मग छोटे लांबचे वाटतात आणि किल्ला आहे त्याहून उंच दिसतो.

वसुबारसेला किल्ला उभा राहिला. विटा, दगड, मातीत बुडवलेलं गोणपाट, वर अळीव पेरलेला. पायथ्याला मावळे, मधल्या वाटेवर चौदा जणांची तुकडी, तटावर ड्रॅगन. वाडीतली पोरं चार दिवस बघायला येत होती. एकाने विचारलं, "दादा, हा हिरवा कोणाच्या बाजूने आहे?" मी म्हटलं, "तूच ठरव." त्याने त्या ऑर्कला उचलून सरळ तोफवाल्याशेजारी ठेवलं. लोक पैसे देऊन जो खेळ घेतात ना, तो तिथे फुकट सुरू झाला होता. गवळणीचं लुगडं हिरवंच केलंय. आईने दोनदा तपासलं.

दिवाळीनंतर मी दुसरीकडे कामाला लागलो. डब्यात अजून सतरा मूर्ती आहेत, त्यांचं पुढच्या देखाव्यात बघू.

तर तुम्हाला सुरुवात करायची असेल तर या आठवड्यात एवढंच करा. एक मूर्ती घ्या, घरातला जुना मावळा असला तरी चालेल. एक नंबरचा ब्रश, काळा, पांढरा आणि तीन मूळ रंग. डबा, स्पंज, बटर पेपर. आणि वहीच्या शेवटच्या पानावर एका वाक्यात लिहा, की पुढच्या दिवाळीला अंगणात, गॅलरीत किंवा टेबलाच्या कोपऱ्यावर काय घडताना दिसायला हवं. आकडा लिहू नका. कोण कुठे चाललंय आणि का, ते लिहा.

पुढच्या भागात एक मूर्ती पहिल्यापासून शेवटपर्यंत रंगवू, तुम्ही ऐकता ऐकता सोबत करा. दोन्ही हात मोकळे ठेवा, फोन जरा लांब. चला, भेटू.