जुनी हायब्रिड: आधी पंखा, मग बॅटरी

जुनी हायब्रिड गाडी म्हणजे पांढरा हत्ती, हा समज अर्धवट आहे. 2004 ते 2009 मधल्या टोयोटा प्रियसची बॅटरी 28 मॉड्यूल्सची, सुमारे 201 व्होल्टची. तिचा मोठा शत्रू उष्णता. आणि मागच्या सीटशेजारच्या जाळीतून हवा ओढणारा पंखा धुळीनं, कुत्र्याच्या केसांनी तुंबला की ती वाढतेच. म्हणून इशाऱ्याचा दिवा लागला, तरी नव्या बॅटरीचा खर्च करण्याआधी पंखा साफ करून घ्यावा, मॉड्यूल्स जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर कळंक चढलाय का तेही तपासून घ्यावं. कुणी म्हणेल, बिघडलेलं एकच मॉड्यूल बदलू. स्वस्त पडतं खरं, पण उरलेली 27 तितकीच थकलेली असतात, ही मलमपट्टीच. बॅटरीच्या उच्च व्होल्टेजच्या नारिंगी केबलला मात्र स्वतः हात लावू नका. ते काम प्रशिक्षित मेकॅनिककडूनच करून घ्या.