सही करण्याआधी विचारा



लोणावळा-मावळात भातखाचरात राबून आपले गुडघे दुखू लागतात. एकवीरेच्या पायऱ्या चढवत नाहीत. डॉक्टर म्हणतात, "सांधा बदलू." कागद पुढे येतो, आपण अंगठा उठवतो.

थांबा! आधी विचारा. दुसरा उपाय आहे का? धोका काय? खर्च किती? पुढे उकिडवे बसून खुरपता येईल का? बहुधा नाही. मग शेताची सोय आधीच लावायला हवी.

हे सांगणे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. माहिती देऊनच संमती घ्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितले. कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर सरकारने २०१७ साली मर्यादा घातली.

आपणही मधुमेह, तंबाखू डॉक्टरांपासून लपवू नये.

आपण अक्षरे शिकलो ती यासाठीच. वाचू, विचारू, मगच सही करू.